काचेतल्या चौदा फ्रेम

लॉस एंजेलिस, ३ मार्च १९४८

आई,

तू फोनवर येत नाहीस, म्हणून लिहिते आहे. बर्निस मावशीच्या घरमालकिणीने तू तिथेच आहेस एवढं सांगितलं आणि रिसीव्हर ठेवला.

शुक्रवारी थिएटरमध्ये जे झालं त्याबद्दल. चित्रपट सात मिनिटांनी लांब झाला होता. लांब चित्रातून आधी छोट्या माणसांची वाक्यं जातात. तुझं तिकीटखिडकीचं दृश्य एकोणीस सेकंदांचं होतं. ते काढून तिथे बंद खिडकीचा अडीच सेकंदांचा तुकडा लावला. नायिका धावत येते, झडप खाली पडलेली पाहते, गाडी गेली हे तिला कळतं. वाक्याशिवायही गोष्ट पुढे जाते. तुझं काम वाईट झालं म्हणून ते काढलं नाही. "शेवटची गाडी गेली, बाईसाहेब. आता एकदम सकाळी." हे तू तिन्ही वेळा स्वच्छ म्हटलं होतंस. दुसऱ्या वेळेच्या नोंदीवर ध्वनी विभागाच्या माणसाने "उत्तम" असा शेरा मारला आहे. मी तो स्वतः वाचला.

तुला आधी सांगितलं नाही, कारण आमच्या संकलनाच्या खोलीतली गोष्ट बाहेर न्यायची नसते. नोकरीला लागताना मी तशी सही केली आहे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पडद्यावरून तुझा आवाज येणार म्हणून तू आठ जणींना बोलावलं होतंस, हे मला ठाऊक होतं. तीन आठवडे मी गप्प राहिले. हे मी नाकारत नाही.

तुझे संध्याकाळचे तीनही पोशाख न्हाणीघरातच टांगलेले आहेत. त्यांना वाफ लागू नये म्हणून मी खिडकी उघडी ठेवून आंघोळ करते.

विल्मा


११ मार्च

आई,

काल बर्निस मावशी आली होती. ती काय बोलली हे तिने तुला तिच्या पद्धतीने सांगितलं असेलच. मी जसं झालं तसं लिहिते.

मी साखळी लावून दार उघडलं. ती म्हणाली, "उघड पूर्ण, पोरी. तुझी आई नाहीये, मी आहे. घाबरू नकोस."

"मी कुणाला घाबरत नाही, मावशी."

"ते दिसतंय. साखळी लावून बसलीयेस. अॅडेलाचा काळा पोशाख दे, मी निघते."

मला वाटलं तुला काम आलं. मी तसं विचारलं. ती हसली. तिचं हसणं तुला माहीत आहे, मेजवानीच्या दृश्यात मागच्या टेबलावर बसून हसते तसं, पण आवाजासकट.

"काम? ती फोनच करत नाही. थिएटरनंतरच्या शनिवारपासून एकदाही डायलला बोट लावलेलं नाही तिने. पोशाख मला पाहिजे. म्हणाली, घे, मला आता लागणार नाही."

मी पोशाख दिला नाही. तू स्वतः येऊन मागितलास तर देईन असं सांगितलं. त्यावर मावशी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "तू ना, अॅडेलाची नव्हेसच. त्या फिल्म कापायच्या मशीनची पोर आहेस. तिच्या आठही मैत्रिणी मान खाली घालून बसमधून परत गेल्या. मी रडले, लूसिल रडली, ड्रायव्हरसुद्धा हळहळला असता. तू काय केलंस?"

मी काही केलं नाही, असं सांगितलं. चहा विचारला. ती नको म्हणाली आणि टेबलावरचे दोन कोलाच, आपले सारणाचे गोड पाव, रुमालात बांधून घेऊन गेली. खसखशीचे होते. मी केले होते, तुझ्याइतके मऊ होत नाहीत.

पण खरा मुद्दा फोनचा आहे. मला आठवतं तेव्हापासून तू रोज चार ते आठ त्या स्टुलावर बसलेली असायचीस. डायल फिरवायची, एंगेज, परत फिरवायची. लाइन लागली की फक्त नाव सांगायचं: "अॅडेला कोवारिक." तिकडून "काम नाही" किंवा "परत करा". कधी कधी "उद्या सहा वाजता, संध्याकाळचा पोशाख, नाचाचा प्रसंग". मला ताप असतानाही तू फोन चुकवला नाहीस. आजी वारली त्या दिवशी तू पावणेआठला केलास.

गर्दीतल्या नटनट्यांना कामं वाटणाऱ्या कास्टिंग ऑफिसचा नियम तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सहा आठवडे फोन आला नाही तर यादीतून नावाचं कार्ड काढतात, आणि युद्धानंतर यादी कमी करायला ते निमित्तच शोधताहेत. शुक्रवार २७ फेब्रुवारीपासून सहा आठवडे म्हणजे ९ एप्रिल. एकावन्नाव्या वर्षी काढलेलं कार्ड परत कुणी लावणार नाही.

माझ्यावरचा राग कार्डावर काढू नकोस.

विल्मा


२१ मार्च, रविवार

आई,

उत्तर आलं नाही. रविवार आहे. मी कार्डं काढून बसले आहे. तुझ्या चित्रांची माझी कार्डं, तू ज्यांना "विल्माचं पोस्ट ऑफिस" म्हणतेस ती.

सहाव्या वर्षी तू मला पहिल्यांदा थिएटरात नेलंस. म्हणालीस, "शोध मला." मी पूर्ण वेळ शोधलं आणि शेवटी रडले, कारण तू कुठेच नव्हतीस. तू हसून सांगितलंस की डाव्या कोपऱ्यात पंख्याने वारा घेत होतीस, पाठमोरी. दुसऱ्या आठवड्यात परत गेलो तेव्हा मला पाठ सापडली. त्यानंतर कधी चुकली नाही. मान किंचित उजवीकडे, डावा खांदा खाली. मी तुला चेहऱ्याच्या आधी पाठीवरून ओळखायला शिकले. शाळेतल्या मुलींना आपापल्या आया समोरून दिसायच्या.

आज मोजलं. चारशे बारा चित्रं मला सापडली आहेत. त्यात तू नर्स, विधवा, जुगार खेळणारी सरदारीण, दंगलीतली बाई, चर्चमधली बाई आणि एकदा नन आहेस. चेहरा ओळखू येईल इतका फक्त नऊ चित्रांत दिसतो. मला आधी वाटायचं, तुला कुणी पुढे उभं करत नाही. संकलनात तीन वर्षं काढल्यावर कळलं की हे तुझं कसब होतं. कॅमेरा कुठे आहे हे न बघता तुला कळतं. तो वळला की तू अर्धं पाऊल मागे जातेस, कुणाच्या तरी टोपीआड. चेहरा ओळखीचा झाला की गर्दीत उभं करत नाहीत, आणि एकाच चित्रात तो दोन जागी दिसला तर दृश्य फुकट जातं. तुझ्यामुळे एकही दृश्य फुकट गेलं नव्हतं. म्हणूनच सहायक दिग्दर्शक नाव घेऊन तुला मागायचे.

तू मेजवानीत कशी बोलतेस तेही मशीनवर कळलं. तुम्हा लोकांना ओठ हलवायचे असतात, आवाज करायचा नसतो. बाकीचे तोंडाला येईल ते बडबडतात. तू न्यायाधीशाच्या घरच्या जेवणात, हिऱ्यांची माळ घालून, एका मिशीवाल्याला कोलाचची कृती सांगत होतीस. मी ते रीळ चार वेळा मागेपुढे केलं. "खसखस आधी दुधात शिजव." तो मान डोलावत होता. आमच्या खोलीत मी एकटीच हसले. का हसले ते सांगता आलं नाही, कारण स्टुडिओत ओळख दाखवायची नाही हा आपला नियम.

पहिल्या पत्रात मी लांबीचं कारण लिहिलं होतं. चित्र लांब होतं हे खरं आहे. पण सात मिनिटं दुसरीकडून निघाली होती. तुझे एकोणीस सेकंद त्यासाठी लागले नाहीत.

आज एवढंच लिहू शकते.

विल्मा


२९ मार्च

आई,

खाली लिहिते ते ६ फेब्रुवारीला झालं. क्रमाने लिहिते.

स्टेशनच्या गर्दीचं चित्रीकरण जानेवारीत, एका सोमवारी झालं होतं. तू सुटकेस घेतलेली प्रवासी होतीस, राखाडी कोट, पाठमोरी. गुरुवारी तिकीटखिडकीसाठी ठरलेली नटी आजारी पडली आणि दिग्दर्शकाने तुला निवडलं. विचारल्याशिवाय कुणाला उभं करत नाहीत. म्हणजे सहायकाने तुला विचारलंच असणार, "या चित्रात आधी होतीस?" आणि तू "नाही" म्हणाली असणार. तुझा हिशेब मला समजतो. सोमवारी तू लेन्सला चेहरा दाखवलाच नव्हतास, त्यामुळे तुझ्या लेखी तू त्यात नव्हतीस.

पण प्रतीक्षागृहाचं दार काचेचं होतं. एक हमाल ते ढकलतो, दार फिरतं, आणि काचेत तुझा चेहरा येतो. चौदा फ्रेम. अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. नंतर चार मिनिटांनी तोच चेहरा तिकीटखिडकीत.

मी मशीन थांबवलं. मुख्य संकलक मिस्टर प्रुएट मागेच उभे होते.

"काय झालं, मिस कोवारिक?"

मी दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा रीळ फिरवायला लावलं.

"हे? हे तर देवालासुद्धा दिसणार नाही."

"मला दिसलं."

"तुम्हाला काय, तुम्हाला माशीची मिशी दिसते. सोडून द्या. खिडकीतली बाई छान बोलली आहे. चेहरा बघा तिचा. खरोखर गाडी चुकल्यासारखं वाईट वाटतंय तिला." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ओळखीची आहे का कुणी?"

मी "नाही" म्हणाले.

"नक्की? असेल तर सांगा. माणसासाठी चौदा फ्रेम विसरता येतात."

"नाही," मी दुसऱ्यांदा म्हणाले. "चूक आहे, सर. दुरुस्त करायला हवी."

त्यांनी खांदे उडवले. "मग करा तुम्हीच." गर्दीचं दृश्य काढता येत नव्हतं, नायक त्यातच पहिल्यांदा दिसतो. तेव्हा खिडकीचं काढलं. बंद झडपेचा तुकडा मागवायची चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे. जोड मी लावला. तो चांगला बसला आहे.

ओळख दाखवायची नाही या नियमामुळे "नाही" म्हणाले, असं मी सात आठवडे स्वतःला सांगते आहे. ते खरं नाही. ओळख सांगितली असती तर त्यांनी दृश्य ठेवलं असतं, आणि मग ते माझ्यामुळे ठेवलं गेलं असतं. मला ते नको होतं. मला बरोबर असायचं होतं. हे लिहायला मला तीन पत्रं लागली.

हे वाचून तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी समजेन. पण ऑफिसला कर. आज २९ तारीख. अकरा दिवस उरले आहेत.

विल्मा


६ एप्रिल

आई,

आज मी एक गैर गोष्ट केली. दात दुखतो सांगून चार वाजता निघाले, घरी आले आणि तुझ्या स्टुलावर बसले. एकतीस वेळा एंगेज लागलं. बत्तिसाव्या वेळी लाइन लागली.

"अॅडेला कोवारिक," मी म्हणाले. तुझ्यासारखं, आडनावावर आवाज खाली नेत.

नेहमी उत्तर लगेच येतं. या वेळी प्रश्न आला.

"कोण बोलतंय?"

"अॅडेला कोवारिक."

"अॅडेला कोवारिकला मी एकोणीस वर्षं रोज ऐकतेय. तिला सर्दी व्हायची असली की मला आदल्या दिवशी कळतं. तू कोण गं?"

"तिची मुलगी."

"ती मशीनवाली?"

"हो."

"अगंबाई! मी नेल. तुझ्या गोवरापासून सगळं ऐकलंय मी, एकेका वाक्यात. आणि हे बघ, आईच्या नावाने फोन करायचा तर जरा दमलेला आवाज काढायचा. तू बँकेतून बोलल्यासारखी बोलतेस."

मी म्हणाले की कृपा करून कार्ड काढू नका, ती फोन करेल.

"कार्ड कुणी काढलंय? इथेच आहे माझ्यासमोर. वर लाल चिठ्ठी आहे, बारा एप्रिलपर्यंत काम द्यायचं नाही. गर्दीतल्या कलाकारांच्या संघटनेने सहा आठवडे घरी बसवलंय तिला."

"कशासाठी?"

"तुला खरंच माहीत नाही? स्वतःच जाऊन सांगून आली ना ती. एक मार्चला, सोमवारी सकाळी. त्याच चित्रात आधी होते आणि नाही म्हणून सांगितलं, म्हणाली. समितीतल्यांना तर पत्ताच नव्हता. एकजण म्हणे म्हणाला, बाई, तुम्ही घरी जा, आम्ही काही ऐकलं नाही. तर ही बसूनच राहिली, शिक्षा लिहून देईपर्यंत."

मी विचारलं, तिला कसं कळलं.

"पडद्यावर दिसली ना स्वतःला. दाराच्या काचेत. त्याच दिवशी इथे येऊन मला सांगत होती, नेल, तिकिटाची खिडकी यायच्या आधीच समजलं की आता ती येत नाही. मी म्हटलं, अगं वेडे, एवढंसं कुणाला दिसतंय? तर म्हणते, माझ्या मुलीला. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. रडत नव्हती हं हे सांगताना. मिरवत होती. बरं, ठेव आता, माझ्या बोर्डावर फोनचे वीस दिवे लागलेत. आणि तिला सांग, बारानंतर दोन दिवसांत आवाज आला नाही तर चिठ्ठीसकट कार्ड जाईल. ते माझ्या हातात नाही."

म्हणजे माझं पहिलं पत्र उघडायच्या आधीच तुला सगळं माहीत होतं. सात मिनिटांची गोष्ट वाचतानाही. माझ्या तारखासुद्धा चुकीच्या होत्या. ९ एप्रिलला काहीच होणार नव्हतं.

बर्निस मावशीकडच्या फोनला चौदा भाडेकरू आहेत आणि तो जिन्यात आहे. तिथे कुणी तुला सलग दोन मिनिटंही डायल फिरवू देणार नाही. इथला फोन दुपारभर रिकामा असतो. किल्ली शेजारच्या मिसेस ऑल्सेनकडे ठेवली आहे. मी सहाच्या आत येत नाही. मी असताना बसायचं नसेल तर तसं त्यांना सांगून ठेव, मी आठपर्यंत बाहेर थांबेन.

तुझ्या काळ्या पोशाखाला इस्त्री झाली आहे. मी केली नाही. धोब्याकडे दिला, माझ्या हातून मखमल जळेल.

विल्मा


१३ एप्रिल, मंगळवार
गॅस कंपनीच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला

आई,

तू चारपासून इथे आहेस असं मिसेस ऑल्सेन म्हणाल्या. मी आले तरी तू उठली नाहीस, म्हणून मीही बाहेर गेले नाही. तू डायल फिरवते आहेस, मी मध्ये बोलले आणि तेवढ्यात लाइन लागली तर तुझं नाव सांगायचं राहील. म्हणून लिहून टेबलावर सरकवते आहे. पेन्सिल सोबत आहे.

एकच विचारायचं आहे. चूक तुझी आहे हे तुला थिएटरातच कळलं होतं. मला दिसली असणार हेही माहीत होतं. तरी माझ्यावर रागावून का गेलीस?

*(आईच्या अक्षरात, तिरकं, रिसीव्हर खांद्यात धरून लिहिलेलं)*

त्यासाठी नाही गेले. घरी आल्यावर मी कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहिले. वाटलं, आता ही ओरडेल. आई, तू खोटं बोललीस, म्हणेल. मला ते ऐकायचं होतं. तू विचारलंस, सूप गरम करू का.

*(माझ्या)*

मला वाटलं, तू दमली असशील.

*(आईच्या)*

ठाऊक आहे. म्हणून तर घरात राहवेना. गर्दीतल्या बाईशी वागतात तसं वागलीस माझ्याशी. मान डोलावली आणि पुढे गेलीस.

*(माझ्या)*

तू खोटं बोललीस. आणि मी त्यांना सांगितलं की मी तुला ओळखत नाही. दोन वेळा सांगितलं. आता ओरडू का?

*(आईच्या)*

थांब. लाइन लागली.